सिनेमा कानात सांगताना : चित्र कुठवर बोलतं आणि आपण कुठून बोलायचं?

धरमपेठी | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

माझ्या मामांची नजर काचबिंदूने गेली. एकदम नाही, कडेकडेने कमी होत मध्यावर आली. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. हा माणूस आयुष्यभर पहिल्या दिवशी पहिला शो पाहणारा. आपल्या नागपुरातल्या लिबर्टी, पंचशील, सुदामा, स्मृती, अलंकार, कुठल्या टॉकीजच्या बाल्कनीतल्या खुर्च्या कुरकुरायच्या हेसुद्धा सांगतील. त्यामुळे नजर गेली म्हणून पिक्चर सोडायचा हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. शेजारी बसून कानात सांगायची ड्यूटी तेवढी माझ्याकडे आली.

सुरुवातीलाच मामांनी नियम घालून दिला. मी सांगत होतो, तो उठला, चालत दाराकडे गेला, दार उघडलं. मामा म्हणाले, "अबे, त्याचे पाय वाजून राहिले, दार कुरकुरून राहिलं, ते मले ऐकू येते नं! जे ऐकू येत नाही ते सांग."

तेव्हापासून मी प्रत्येक पिक्चर याच चाळणीतून पाहतो. जे ऐकू येत नाही, तेच तर दिग्दर्शकाने कॅमेऱ्यावर सोपवलेलं असतं! दिग्दर्शक चांगला असेल तर ते भरपूर असतं. वाईट असेल तर मला दोन तास काही कामच नसतं. पात्रं सगळं बोलूनच सांगतात, वरून व्हायोलिन "आता रडा" म्हणतं. मामा अशा पिक्चरला रेडिओ म्हणतात.

'झुंड' (२०२२) थिएटरात पाहिला. आपल्या नागपुरातच शूट झालेला, आपलीच पोरं, त्यामुळे संवादांना माझी गरज नव्हती, उलट मामाच मला शब्द सांगत होते. पण आंबेडकर जयंतीचा प्रसंग आठवा. डीजे दणकून राहिला, पब्लिक नाचून राहिली, हे सगळं कानाला कळतं. अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडून उभा राहतो, हे नाही कळत. मी कानाशी लागून एवढंच सांगितलं, "बच्चन बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडून उभा आहे." मामा खुर्चीत पुढे सरकून बसले. पुढच्या रांगेतून आवाज आला, "ओ भाऊ, पिक्चर पाहू द्या नं." बरोबर आहे त्यांचंही.

खरी पंचाईत 'शोले'ची. मामांनी तो पूर्वी कितीदा तरी पाहिलेला, पण माझ्या लेकीसोबत घरी लावला आणि तिला आम्ही डोळ्यांवर ओढणी बांधून बसवलं, गंमत म्हणून. आता सांगा, ठाकूरची शाल कशी सांगायची? सांगितली नाही, तर पुढे ती खांद्यावरून सरकते तेव्हा धक्का कुठून बसणार? सारखी सांगितली, तर पोरगी विचारणार, शालीत काय आहे? होळीच्या हल्ल्यात बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली आहे, जय-वीरू अडकलेत, ठाकूर ती उचलत नाही. "उचलू शकत नाही" म्हणालो की पिक्चर फुटला. शेवटी मी शाल पहिल्या भेटीतच उरकली, पांढरे केस, जाड मिशा, अंगावर शाल, अशी तीन गोष्टींच्या मधे लपवून. नंतर नाव काढलं नाही. बंदुकीच्या वेळी म्हणालो, "ठाकूर बंदुकीकडे पाहतो. उभाच आहे." पोरगी चिडली, "उचल ना!" जमलं होतं.

तर विचारायचं हे, की चित्राने सांगायच्या गोष्टी शब्दांत किती आणता येतात? आणि सिनेमाच स्वतः निवेदक आणून बसवतो, तेव्हा तो आपल्या पातळीवरचाच उद्योग करतो का?

---

तर्री_पोहा | रविवार, रात्री ११:०५

मामांना साष्टांग. "पाय वाजून राहिले ते ऐकू येते" हे पटकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर चिकटवा. टीव्ही मालिकावाल्यांच्या तर कपाळावर.

---

कात्रीवाला | सोमवार, सकाळी ७:५२

मूळचा नागपूरच्या महालातला, पोटापाण्यासाठी मुंबईत एडिटिंग करतो. या धाग्यावर न लिहून कसं चालेल.

धरमपेठी, तुम्ही ठाकूरच्या बाबतीत जे केलं ती एडिटरचीच युक्ती आहे. "बंदुकीकडे पाहतो. उभाच आहे." तुम्ही दोन शॉट दिलेत आणि अर्थ पोरीने लावला. याला शंभर वर्षांपूर्वीचा आधार आहे. रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट घेतला आणि तो वेगवेगळ्या शॉटांना जोडला. एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी, एकदा बाई. लोक म्हणाले, काय अभिनय आहे! भूक काय, दुःख काय, अभिलाषा काय! चेहरा तोच होता. दोन शॉट शेजारी ठेवले की तिसरी गोष्ट पाहणाऱ्याच्या डोक्यात तयार होते, आमचा सगळा धंदा यावरच चालतो.

आता कानात सांगणारा म्हणाला, "त्याला भूक लागली आहे", तर त्याने ती तिसरी गोष्ट आयती हातात दिली. ऐकणाऱ्याला करायला काही उरलं नाही. "चेहरा. मग सूपची वाटी." बास. क्रम मात्र पडद्यावरचाच ठेवायचा. उलटा केला तर अर्थही बदलतो, आधी वाटी आणि मग चेहरा म्हणजे कोणीतरी वाटी पाहून आलंय.

अजून एक. वाक्याची लांबी शॉटच्या लांबीएवढी ठेवून पाहा. पाठलाग चालू असताना "निळ्या शर्टातला उंच मुलगा अरुंद गल्लीतून डावीकडे वळून धावत जातो" हे म्हणेपर्यंत तो मुलगा गल्ली ओलांडून घरी जेवायला बसलेला असतो. "गल्ली. वळला. भिंत." एवढंच म्हणा. आणि संथ शॉट असेल तर तुम्हीही सावकाश बोला, किंवा बोलूच नका.

---

धरमपेठी | सोमवार, सकाळी ९:३०

कात्रीवाला, हे फारच कामाचं. पण "फक्त दिसतं ते सांगा" हे 'फँड्री'ला कसं लावू? शेवटाकडे डुक्कर बांबूला टांगून जब्या हा शाळकरी पोरगा आणि घरचे शाळेच्या भिंतीशेजारून नेतात. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा यांची चित्रं. एक शब्द नाही. पिक्चरमधलं सगळ्यात मोठं भाषण तिथेच झालंय, असं मला वाटतं. "भिंतीवर माणसांची चित्रं आहेत" म्हटलं तर ते दिसतं तेवढंच सांगणं झालं आणि काहीच सांगितलं नाही असंही झालं. मी नावं घेतली. चूक की बरोबर?

---

सुमेधा_न | सोमवार, दुपारी १:१५

बरोबर! नावं घ्यायलाच हवीत. त्या भिंतीवर कोण आहे हे महाराष्ट्रातल्या डोळस प्रेक्षकाला अर्ध्या सेकंदात कळतं. मग न पाहणाऱ्यालाही तेवढ्याच वेळात कळायला हवं. तुम्ही ओळख सांगितली, मत सांगितलं नाही. "आणि ही केवढी विटंबना!" असं म्हणाला असतात तर मी भांडले असते.

माझा प्रश्न त्यापुढच्या दगडाचा आहे. जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्यावर येतो आणि पडदा काळा. हे कसं सांगितलंत? "दगड कॅमेऱ्याकडे येतो" की "दगड आपल्याकडे येतो"?

---

धरमपेठी | सोमवार, दुपारी १:४०

"आपल्याकडे."

---

पुण्याचा_पाहुणा | सोमवार, दुपारी २:२०

हरकत आहे. "आपल्याकडे" हा अन्वयार्थ झाला. दगड दिग्दर्शकाने कॅमेऱ्यावर मारलाय, तो माझ्यावर आहे की नाही हे मी ठरवेन. निवेदकाने निवेदकाच्या जागी राहावं.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर : हो, सिनेमात निवेदक आणणं हा उद्योगच आहे. पटकथेला कंटाळा आला की निवेदक येतो. "गावात एक पाटील होता, तो फार क्रूर होता." अरे, दाखव ना क्रूर! कॅमेरा कशाला भाड्याने आणलास?

---

तर्री_पोहा | सोमवार, दुपारी २:३१

पाहुणे, फँड्रीचा दगड तुम्हाला लागला नसेल तर तुम्ही वाकला होता असं समजायचं का?

---

कात्रीवाला | सोमवार, रात्री ९:१०

हाहा. पण पाहुण्यांच्या दुसऱ्या मुद्द्यात दम आहे, अर्धा. मी स्वतः असे पिक्चर कापलेत जिथे प्रसंग शूटच झाला नाही म्हणून डबिंगला निवेदन ठोकलं. पब्लिकला कळत नाही असं निर्मात्याला वाटतं. कळतं.

पण सगळं निवेदन ठिगळ नसतं. तीन प्रकार वेगळे काढतो.

पहिला, काळ ओलांडायला. '३ इडियट्स'मध्ये फरहान गोष्ट सांगतो, कारण शोध आजचा आहे आणि माणूस कालचा, मधे पूल लागतो. दिग्दर्शक हिरानी नागपूरचे आणि आधी एडिटर, पूल कुठे बांधायचा ते त्यांना कळतं. (होय, गाववाला म्हणून थोडं जास्त कौतुक करतोय.)

दुसरा, खोडी काढायला. मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'ला (१९६९) जो आवाज आहे तो अमिताभ बच्चनचा, पडद्यावर चेहरा येण्याआधीचा. 'शतरंज के खिलाड़ी'तही तोच आवाज, आणि तिथे चित्र एक गंभीर गोष्ट दाखवतंय, आवाज तिला चिमटा काढतोय. आवाज आणि चित्र एकमेकांशी सहमत नसले की तिथे तिसरी गोष्ट तयार होते. कुलेशोव्हच, पण आडवा : शॉटशेजारी शॉट न ठेवता शॉटवर आवाज.

तिसरा मला सगळ्यात आवडतो, सांगणाराच भरवशाचा नसतो. 'तुंबाड'च्या सुरुवातीला विनायक आपल्या पोराला देवीची आणि तिच्या लोभी मुलाची, हस्तरची, गोष्ट सांगतो. ऐकायला ती पुराणकथा वाटते. पण कोण सांगतोय बघा, ज्याला हस्तरच्या सोन्याचा लोभ सुटत नाही तो! बाप पोराला परंपरा देतोय की खाज देतोय? पुढे पडद्यावर सतत पाऊस, ओल, चिखल दिसत राहतो, आणि त्या सुरुवातीच्या सुंदर गोष्टीला वास यायला लागतो.

पाहुणे, तुमच्या "क्रूर पाटील" निवेदनावर लगेच पाटील कुत्र्याला हाताने भाकरी भरवताना दाखवला, तर? आता कॅमेऱ्याचं भाडं वसूल झालं की नाही?

---

पुण्याचा_पाहुणा | सोमवार, रात्री ९:४४

झालं. भाकरीवाला पाटील मान्य. दगड अमान्यच.

---

वडसाकर | मंगळवार, सकाळी ६:२०

मी झाडीपट्टीतला माणूस. सिनेमावाले लोक काऊन एवढं डोकं लावून राहिले म्हणून वाचलं, मग मजा आली.

आमच्याकडे दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात. गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असला की रात्री नाटक असतेच, रात्रभर. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, सगळीकडे, कंपन्या वडसाच्या. आता पब्लिक किती मागेपर्यंत बसते पाहा. पुढचे दोनचारशे लोक चेहरा पाहतात. मागचा माणूस कांबळं पांघरून बसला आहे, थंडी आहे, त्याला स्टेजवर ठिपका दिसून राहिला. त्या ठिपक्याला डोळे पुसताना कोण पाहील? मग नट काय करते? आवाज पुसते. म्हणजे आवाजातच हुंदका घेते, आणि त्याच टायमाला ऑर्गन एक सूर धरते. मागच्या रांगेतली म्हातारी तिथं पदर लावते डोळ्याला, दिसलं काहीच नसते तिला.

सिनेमाचं उलटं. क्लोजअप आला आणि मागची रांगच संपली. सगळेच पहिल्या रांगेत. म्हणून नटाला आवाज टाकायची गरज राहिली नाही, पापणी हलवली तरी पुरते. धरमपेठी भाऊ, तुमचे मामा पहिल्या रांगेतून उठवून पुन्हा आमच्या मागच्या रांगेत आणून बसवले आहेत नशिबानं. त्यांना आमच्या नाटकाला घेऊन या. काही सांगावं नाही लागणार.

---

धरमपेठी | मंगळवार, सकाळी ८:०५

वडसाकर भाऊ, मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, "या माणसाले आधी नमस्कार सांग, मग तारीख विचार."

---

पिंगुळीकर | मंगळवार, दुपारी १२:५०

नाटकाचा विषय निघाला म्हणून. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथी आहे, ठाकर समाजाची कला. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं पोथीसारखी बांधलेली असतात. कथेकरी एकेक चित्र उभं धरतो आणि वाद्याच्या साथीने गाऊन सांगतो. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी.

लहानपणी समोर बसून पाहिलंय म्हणून सांगतो : चित्र हलत नाही. युद्धाच्या चित्रात बाण सुटलेला आहे आणि हवेतच आहे. सांगणारा तो बाण जितका वेळ हवेत ठेवायचा तितका ठेवतो. मधेच रावणाच्या घरची गोष्ट सांगून येतो, बाण तिथेच. मग पान उलटतो. पान कधी उलटायचं यातच सगळी कला आहे, आणि कात्रीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल.

---

कात्रीवाला | मंगळवार, दुपारी १:३०

ओळखीचं? अहो, पगार त्याचाच मिळतो मला.

जपानमध्ये मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी निवेदक उभा असायचा, त्याला बेन्शी म्हणत. सगळ्या पात्रांचे आवाज तो काढायचा, वर स्वतःची टीकाटिप्पणी. लोक नटाचं नाव न पाहता बेन्शीचं नाव पाहून तिकीट काढत. अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ बेन्शी होता. बोलपट आले आणि या लोकांचा धंदा बसला, त्या भावाने १९३३ मध्ये आत्महत्या केली. पुढे त्याच कुरोसावाने 'राशोमोन' (१९५०) केला, ज्यात एकच घटना चार जण चार प्रकारे सांगतात आणि चित्रही प्रत्येकाच्या बाजूने खोटं बोलतं. दोन्हीचा संबंध मी जोडणार नाही, पण डोक्यातून जातही नाही.

आपल्याकडे 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) हिंदी आणि इंग्रजी पाट्यांसह दाखवला गेला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं काय झालं असेल? पण गोष्ट घरोघर माहीत होती. फाळक्यांनी पहिल्यांदा हरिश्चंद्रच निवडला, तो काही उगाच नाही.

---

अनुजा_ऐकते | मंगळवार, रात्री १०:१८

सगळा धागा फोनच्या वाचकाकडून ऐकला. वडसाकरांचं विदर्भी ते यंत्र फार विनोदी वाचतं, ते एक असो.

मी जन्मापासून पाहत नाही. त्यामुळे थोडं स्पष्ट बोलते. इथे सगळे माझ्यासाठी ठरवताहेत आणि मला विचारलंच नाही अजून.

मामांचा नियम चांगला आहे, पण तो मामांसाठी आहे. त्यांच्याकडे चित्रांचा साठा आहे. "दार कुरकुरलं" म्हटलं की त्यांना दार दिसतं, आणि नवीन पिक्चरमधलं दारसुद्धा ते जुन्या पिक्चरमधून आणून लावतात. माझ्याकडे तो साठा नाही. मला पाय वाजलेले ऐकू येतात, पण कोणाचे? तीन माणसं खोलीत असतील तर मला नाव हवं. बास, नाव. विशेषण नको.

रंग सांगायचे की नाही, हे लोक मला घाबरत घाबरत विचारतात. सांगा! लाल मला दिसला नाही, पण लाल साडी, लाल दिवा, लाल शाई म्हटल्यावर काय काय होतं हे मी इथेच राहून ऐकलं आहे.

भाव सांगू नका. "ती दुःखी आहे" हे मला तिच्या श्वासावरून तुमच्याआधी कळतं. "तिने ताट बाजूला सरकवलं" हे सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'सैराट'. शेवट. अख्ख्या थिएटरचा आवाज गेला. मला वाटलं मशीन बिघडलं. माझी मैत्रीण शेजारी होती, ती काही बोलेना. मी तिचा हात हलवला, तिला बोलताच येत नव्हतं. थिएटरात कोणी खोकत नव्हतं. मग ती एवढंच म्हणाली, "बाळ रडत बाहेर चाललंय. त्याची पावलं रक्ताची उमटतायत." मी नंतर खूपदा विचार केला, तिने आधीच बोलायला सुरुवात केली असती तर ती शांतता मला मिळाली नसती. पण काहीच बोलली नसती तर मी बिघडलेल्या मशीनवर वैतागून घरी गेले असते. तिने जो वेळ घेतला तो बरोबर होता, आणि तो तिने ठरवून घेतला नव्हता.

दगडाबद्दल : माझ्या मैत्रिणीने "दगड कॅमेऱ्यावर" म्हटलं होतं. मला कॅमेरा कुठे ठेवलाय हे माहीत नसतं. मला "आपल्याकडे"च चालेल. पाहुण्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

---

सुमेधा_न | मंगळवार, रात्री १०:५५

अनुजा, इतका वेळ आम्ही नुसतेच बडबडत होतो. "नाव हवं, विशेषण नको" हे मी लिहून घेतलं.

---

पुण्याचा_पाहुणा | बुधवार, सकाळी ७:०२

दगड मागे घेतो.

---

कात्रीवाला | बुधवार, सकाळी १०:१२

अनुजाताई, एक प्रश्न. 'कोर्ट' (२०१४) कसा ऐकलात? आपल्या नागपूरच्या वीरा साथीदारांनी त्यात खटला भरलेल्या लोकशाहीर नारायण कांबळेचं काम केलं होतं. ते कोविडने २०२१ मध्ये गेले. 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक, हाडाचे कार्यकर्ते, आणि पडद्यावर बोलतात तेव्हा अभिनय चाललाय असं वाटतच नाही.

विचारायचं कारण, त्या पिक्चरमध्ये कॅमेरा लांब आणि स्थिर. क्लोजअप जवळजवळ नाहीच. कोर्टाची अख्खी खोली दिसते : न्यायाधीश, वकील, मागे बाकावर आपल्या नंबराची वाट पाहणारे लोक. कुठे पाहायचं ते दिग्दर्शक सांगत नाही. मी एका वेळी वकिलाला ऐकत मागच्या बाईला पाहत होतो. आता हे कानात कसं सांगणार? सांगणाऱ्याने "मागे एक बाई बसली आहे" म्हटलं की त्याने क्लोजअप घेतला! जो दिग्दर्शकाने मुद्दाम घेतला नव्हता. आणि शेवटाकडे कोर्ट रिकामं होतं, दिवे एकेक बंद होतात, पडदा काळा. लोक उठायला लागतात. पिक्चर संपलेला नसतो. सुट्टीवर गेलेले न्यायाधीश पुढे यायचे असतात.

---

अनुजा_ऐकते | बुधवार, रात्री ९:३०

'कोर्ट' घरी ऐकला, सांगणारं कोणी नव्हतं. मला तो फार कळला! कोर्टात सगळे एकाच सुरात वाचतात, कायद्याची कलमं, आरोप, एका दमात. आणि मधेच कांबळेंचं गाणं येतं, डफासकट. त्या दोन आवाजांतच सगळा खटला आहे. मागची बाई मला मिळाली नाही, हे आज कळलं. पण तुम्हाला तरी सगळी मिळाली का? तुम्ही तिला पाहत होतात तेव्हा वकिलाचं एखादं वाक्य गेलंच असेल.

---

कात्रीवाला | बुधवार, रात्री ९:४१

गेलं. दोनदा पाहावा लागला.

---

सदरचा_बंटी | गुरुवार, दुपारी ३:३३

थोडी कामाची माहिती. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठान'च्या ओटीटी आवृत्तीत श्राव्यवर्णन (पडद्यावर काय दिसतं ते सांगणारा आवाज) आणि सबटायटल द्यायला सांगितलं होतं. मग मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरांसाठीही मार्गदर्शक तत्त्वं काढली. फोनमध्ये ॲप ठेवायचं, इअरफोन लावायचा, पिक्चरच्या आवाजावरून ॲप ओळखतं आपण कुठे आहोत आणि संवादांच्या मधल्या जागेत वर्णन ऐकवतं. शेजारच्याला त्रास नाही. कागदावर सगळं छान. मी शहरातल्या एका मल्टिप्लेक्सच्या काउंटरवर विचारलं, तर पोरगा म्हणाला, "सर, थ्रीडीचा चष्मा पाहिजे का?"

---

धरमपेठी | गुरुवार, रात्री ८:४५

बंटी, तो पोरगा बिचारा काय करेल.

मी मामांना घेऊन एक वेगळाच प्रयोग सुरू केलाय. जुने पिक्चर. 'कुंकू' (१९३७) लावला. शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत टाळलंय. जे वाजतं ते प्रसंगातलंच, गाणं असलं तरी शांता आपटे ग्रामोफोनच्या साथीने गाते. मामा एकदम खूश. म्हणाले, "घरात काय काय आहे ते कानालेच दिसून राहिलं." बोलपट येऊन सहा वर्षंच झाली होती तेव्हा, आणि आवाज कुठे ठेवायचा नाही हे या माणसाला कळलं होतं. आजच्या पिक्चरमध्ये चहा ढवळला तरी ढोल वाजतो.

पण तिथेही न ऐकू येणारं भरपूर आहे. केशवराव दात्यांचा म्हातारा काकासाहेब आरशासमोर उभा राहतो, त्याच्याशी लग्न लावलेली ती पोरगी त्याच्याकडे कशी पाहते, घरात दोघं कुठे कुठे उभी असतात, एका चौकटीत येतात की नाही. मी पाटी-पेन घेऊन बसलोय. संवादांमधल्या मोकळ्या जागा मोजून त्यात बसतील अशी वाक्यं लिहितो. अनुजाताईंच्या नियमाने : नाव, क्रिया, वस्तू. विशेषण आलं की खोडतो. एका रीळभर मजकुरात किती विशेषणं खोडली ते पाहून घरचे हसताहेत.

अनुजाताई, वाचून पाहाल का? म्हणजे ऐकून.

---

अनुजा_ऐकते | गुरुवार, रात्री ९:२०

पाठवा. पण मजकूर नको, आवाजात पाठवा. वाचताना चांगलं वाटणारं वाक्य तोंडात बसत नाही बऱ्याचदा. आणि पुरुषाचा आवाज नको. त्या पिक्चरमधला म्हातारा आणि तुमचा आवाज माझ्या कानात एक होईल.

---

सुमेधा_न | गुरुवार, रात्री ९:३१

मी वाचते. शाळेत धडे वाचून आवाज तापलेला आहे. धरमपेठी, तुम्ही लिहा, मी रविवारी सकाळी येते. कात्रीवाला, मुंबईहून जागा जुळवून द्याल?

---

कात्रीवाला | गुरुवार, रात्री ९:५०

देतो. वाक्य शॉटच्या आधी अर्धा सेकंद संपायला हवं, शॉटवर चढायला नको. आणि सुमेधाताई, श्वास घेतलेला रेकॉर्ड होऊ द्या, कापू नका, तो मी ठेवणार आहे.

---

तर्री_पोहा | गुरुवार, रात्री ११:१५

काकासाहेबाच्या नोकराबिकराचा आवाज लागला तर मी आहे.

---

धरमपेठी | गुरुवार, रात्री ११:२२

अरे बाप्पा, आवाज पिक्चरमधले पिक्चरमध्येच आहेत, आपण फक्त मधल्या जागेत बोलायचं! तरी ये रविवारी, माइक धरायला माणूस लागेल. तेवढा तोंडातला खर्रा खाली टाकून ये, मागच्या वेळी फोनवर तू काय बोललास ते मामांना शेवटपर्यंत कळलं नव्हतं.